सॅन फ्रान्सिस्कोत म्युनी कशी पकडायची, आणि कुठली गाडी आलीय ते कसं ओळखायचं

दरवर्षी मे महिना आला की आमच्या इथल्या मराठी ग्रुपवर तोच प्रश्न फिरायला लागतो, आई-बाबा येतायत, आम्ही दोघंही ऑफिसला, ते सॅन फ्रान्सिस्को त्यांचे ते फिरू शकतील का. दरवेळी तेच तेच टाइप करून बोटं दुखली, म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून ठेवतोय, पुढच्या वेळी कुणी विचारलं की नुसतं हे पाठवून देईन.

तर फिरू शकतील, आरामात. ज्यांनी आयुष्यभर दादरचा पूल चढून स्लोची फास्ट केलीय त्यांना हे काहीच नाही. फक्त एक गोष्ट आधी डोक्यात फिट्ट बसवा, की म्युनीची, म्हणजे शहराच्या सरकारी वाहतूक सेवेची, लाइट रेल म्हणजे एकाच गाडीचे दोन अवतार आहेत. जमिनीखाली ती मेट्रो असते आणि बोगद्यातून बाहेर आली की तीच गाडी ट्राम होते. तिकीट कुठे टॅप करायचं, प्लॅटफॉर्म किती उंच, पायऱ्या आहेत की नाहीत, थांबा कसा दिसतो, सिग्नलला थांबते की नाही, अगदी ड्रायव्हर गाडी चालवतोय की नुसता बसलाय, हे सगळं बोगद्याच्या तोंडाशी बदलतं. लोकांचे जे जे घोळ होतात ते सगळे याच एका गोष्टीपायी होतात, माझेही झाले.

म्युनी म्हणजे म्युनिसिपल, आपल्या म्युनिसिपालिटीतलंच. २८ डिसेंबर १९१२ ला गिअरी स्ट्रीटवर पहिली म्युनी ट्राम धावली, तेव्हा बाकीच्या शहरात खाजगी कंपन्यांच्या ट्राम होत्या. पुढे अमेरिकेत सगळीकडे झालं तेच इथेही झालं, रूळ उखडले आणि बस आल्या. पण पाच लाइनी वाचल्या, जे, के, एल, एम आणि एन, आणि त्या वाचल्या कारण त्या बोगद्यांतून किंवा फक्त ट्रामसाठी राखलेल्या पट्ट्यांतून जात होत्या, तिथे बस घालणं कुणाला जमेना. ट्विन पीक्सचा बोगदा १९१८ चा, सनसेटचा १९२८ चा. आपल्या मुंबईच्या ट्रामला असा एकही बोगदा नव्हता, ३१ मार्च १९६४ ला शेवटची ट्राम गेली आणि दादर टी.टी. मधलं टी.टी. तेवढं मागे राहिलं. असो.

आता कामाचं. घरून निघण्यापूर्वी फोनमध्ये क्लिपर कार्ड, म्हणजे इथलं तिकिटाचं कार्ड, टाकून घ्या, ॲपल आणि गुगल दोन्ही वॉलेटमध्ये चालतं. प्लास्टिकचं कार्डही मिळतं स्टेशनवरच्या मशीनमध्ये. मोठ्या माणसाचं भाडं जुलै २०२५ पासून क्लिपरने २.८५ डॉलर, रोखीने ३ डॉलर, आणि एकदा टॅप केलं की १२० मिनिटं कितीही म्युनी गाड्या आणि बस बदला, पुन्हा पैसे कापत नाहीत. १८ वर्षांपर्यंतच्या पोरांना फुकट आहे, ६५ च्या वरच्यांना सवलत आहे, त्याचं सीनियर क्लिपर वयाचा पुरावा दाखवून घ्यायचं, आणि आई-बाबा महिना-दोन महिने राहणार असतील तर हे नक्की करा, आळस करू नका. रोखीने द्यायचे असतील तर सुटे बरोबर ठेवा, ड्रायव्हरशेजारच्या पेटीत पैसे टाकायचे असतात आणि ती पेटी सुटे परत देत नाही.

टॅपिंगचा घोळ असा. जमिनीखालच्या स्टेशनवर गेटला टॅप करायचं, आत गेलात, संपलं. गाडीत परत करायचं नाही, उतरल्यावर बाहेर पडतानाही करायचं नाही, गेट आपोआप उघडतं. रस्त्यावरच्या थांब्यावर चढलात तर गाडीत दाराजवळ मशीन असतं तिथे टॅप करा. कुठल्याही दारातून चढलं तरी चालतं, २०१२ पासून सगळ्या म्युनीत हे चालू आहे, ड्रायव्हरजवळच्या दारानेच चढलं पाहिजे असं काही नाही. तिकीट तपासनीस मधूनच चढतात हातात रीडर घेऊन आणि दंड बराच असतो. आपल्याकडे टी.सी. ला बघून लांबून ओळखता येतं तसं इथे येत नाही.

बाबांचा पहिला दिवस सांगतो. पॉवेल स्टेशनवर गेले, टॅप केलं, खाली गेले, गाडीची वाट बघत बसले वीस मिनिटं, एकही एन नाही. मला फोन केला. मी विचारलं रूळ कसे दिसतायत, तर म्हणाले अरे रुंद आहेत आपल्यासारखे. बस्स, कळलं. बाबांची सगळी नोकरी परळच्या रेल्वे वर्कशॉपात गेली म्हणून हा प्रश्न त्यांना विचारता आला, तुम्ही तुमच्या आईला विचारू नका. झालं काय होतं, की मार्केट स्ट्रीटखाली एम्बार्कडेरो, मॉन्टगोमेरी, पॉवेल आणि सिव्हिक सेंटर या चार स्टेशनांत म्युनी आणि बार्ट, म्हणजे शहराला उपनगरांशी जोडणारी वेगळी रेल्वे, एकावर एक आहेत. सगळ्यात वर गेटचा मजला, त्याच्याखाली म्युनी, आणि त्याच्याही खाली बार्ट. दोघांची गेटं वेगळी, पण एकाच मजल्यावर आणि क्लिपर दोन्हीकडे चालतं, त्यामुळे चुकीच्या गेटातून आत गेलात तरी कुणी अडवत नाही. म्हणून टॅप करायच्या आधी मान वर करून गेटावरची पाटी वाचा. नाव वाचायचं राहिलं तर म्युनीचा तो वळणावळणाचा किड्यासारखा लोगो बघा, १९७० च्या दशकातला आहे, अजून बदललेला नाही.

आणि हो, रुळांचं खरंच आहे. बार्टचा गेज १६७६ मिलिमीटर, म्हणजे साडेपाच फूट, हुबेहूब आपली ब्रॉडगेज. म्युनी मात्र १४३५ मिलिमीटरच्या स्टॅण्डर्ड गेजवर चालते. हे बाबांना सांगितल्यावर त्यांना एवढा आनंद झाला की वीस मिनिटं फुकट गेल्याचं विसरून गेले आणि त्या दिवशी भेटेल त्याला गेज सांगत सुटले.

लाइनींची अक्षरं पाठ करायची गरज नाही पण फाटा कुठे फुटतो ते समजून घ्या, कारण तिथे चुकलात तर उलटं यावं लागतं. एम्बार्कडेरोपासून वॅन नेस स्टेशनपर्यंत जे, के, एल, एम, एन सगळ्या एकाच बोगद्यातून जातात, तिथवर कुठलीही पकडा, जी पहिली येईल ती. वॅन नेसच्या पुढे जे आणि एन डुबोस स्ट्रीटपाशी बाहेर पडून ट्राम होतात. के, एल, एम आतच राहतात, चर्च, कॅस्ट्रो, फॉरेस्ट हिल करत ट्विन पीक्सच्या डोंगराखालून थेट वेस्ट पोर्टलला निघतात आणि मग तिथून तिघी तीन वाटांना. जे चं नाव जे चर्च असलं तरी ती चर्च नावाच्या भुयारी स्टेशनात जात नाही, वरच्या चर्च स्ट्रीटवरून जाते, यावरून दरवर्षी कुणीतरी फसतंच.

इनबाउंड म्हणजे डाउनटाउनकडे, आउटबाउंड म्हणजे डाउनटाउनपासून लांब. एम्बार्कडेरोपासून वॅन नेसपर्यंतच्या स्टेशनांत प्लॅटफॉर्म मधोमध आणि गाड्या दोन्ही बाजूंना, त्यामुळे उलटी गाडी पकडली तर पुढच्या स्टेशनवर उतरून मागे वळायचं, जिना नाही काही नाही. गाडी यायच्या आधी अनाउन्समेंट होते, टू कार एन, वन कार जे वगैरे, ती ऐका. दोन डब्यांची असेल तर ठीक, एकच डबा असेल तर प्लॅटफॉर्मच्या टोकाला उभे असलेले लोक पळत सुटतात, तसं पळायचं नसेल तर मधे उभे राहा.

टी ही लाइन सगळ्यात धाकटी. थर्ड स्ट्रीटवर २००७ मध्ये सुरू झाली, तेव्हा ती मार्केटखालूनच जायची, पण आता नाही. जानेवारी २०२३ पासून ती नव्या सेंट्रल सबवेतून जाते, येर्बा ब्युएना, युनियन स्क्वेअर आणि शेवटी चायनाटाउन. हा बोगदा म्युनी आणि बार्ट दोन्हींच्या खालून काढलाय, म्हणजे किती खोल ते बघा, सरकते जिने संपता संपत नाहीत. युनियन स्क्वेअर स्टेशन आतल्या आत पॉवेलला जोडलंय, पण चालणं बरंच आहे, गुडघे दुखणाऱ्या माणसाला घेऊन जाताय तर पंधरा मिनिटं हाताशी ठेवा आणि लिफ्ट शोधा. टी ला इनबाउंड-आउटबाउंड करत बसू नका, सरळ टोकाचं नाव बघा, चायनाटाउन की सनीडेल. आणखी एक, फोर्थ अँड किंग या नावाचे एन चे आणि टी चे प्लॅटफॉर्म वेगवेगळे आहेत, एक किंग स्ट्रीटवर, दुसरा फोर्थवर, कॅलट्रेनमधून, म्हणजे दक्षिणेकडून येणाऱ्या लोकलमधून, उतरून धावत जाल तर आधी बघा कुठल्या प्लॅटफॉर्मवर जायचंय. माझी एक गाडी अशीच डोळ्यांदेखत गेलीय, समोरच्या प्लॅटफॉर्मवरून टाटा केल्यासारखी.

आता पायऱ्या, म्हणजे मला सगळ्यात आवडणारी भानगड. भुयारी स्टेशनांचे प्लॅटफॉर्म गाडीच्या जमिनीइतके उंच आहेत, आपल्या मेट्रोसारखं सरळ पाऊल टाकायचं. पण रस्त्यावरच्या थांब्यांना प्लॅटफॉर्मच नाही, किंवा असला तर फुटपाथएवढा. मग एकाच गाडीने दोन्हीकडे काम कसं करायचं? तर दारातला जमिनीचा तुकडाच खाली-वर होतो. बोगद्यात तो वर असतो आणि सपाट दिसतो, बाहेर यायच्या वेळी खाली जातो आणि तिथे पायऱ्या होतात. ड्रायव्हर अनाउन्स करतो, पायऱ्या बदलतायत, दारापासून लांब व्हा. ऐकलं की खरंच लांब व्हा. आपल्याकडची दारात उभं राहायची सवय इथे अजिबात कामाची नाही.

याचा व्यवहारातला अर्थ असा की गुडघ्यांचा त्रास असेल, व्हीलचेअर असेल, बाबागाडी असेल तर थांबा बघून ठरवा. टी च्या सगळ्या थांब्यांना उंच प्लॅटफॉर्म आहेत, रस्त्यावरच्यासुद्धा. एन चे एम्बार्कडेरोच्या किनाऱ्यावरचे थांबे, फॉल्सम, ब्रॅनन, बॉलपार्कजवळचा सेकंड अँड किंग, तेही उंच. बाकी जे, के, एल, एम आणि एन च्या सनसेट नावाच्या वस्तीकडच्या भागात ठराविक थांब्यांनाच एक छोटा रॅम्पचा चौथरा असतो, तिथे गाडी पुढे सरकवून परत थांबवतात आणि व्हीलचेअरवाल्याला घेतात. म्युनीच्या नकाशावर या थांब्यांना व्हीलचेअरचं चिन्ह असतं, ते बघूनच निघा.

रस्त्यावरचे थांबे शोधणं ही एक वेगळीच कला आहे. काही ठिकाणी शेड आहे, बाक आहे, किती मिनिटांत येणार त्याचा बोर्ड आहे. आणि काही ठिकाणी, विशेषतः सनसेटच्या शांत गल्ल्यांत, खांबावर नुसता पिवळा पट्टा रंगवलेला असतो, बस्स, तोच थांबा. तुम्ही फुटपाथवर उभे, रूळ रस्त्याच्या मधोमध, गाडी येऊन थांबली की मधली एक लेन ओलांडून चढायचं. कायद्याने मागच्या मोटारींनी ट्रामच्या दाराच्या मागे थांबायलाच पाहिजे, आणि बहुतेक थांबतातही, पण उतरताना आधी उजवीकडे मान वळवून बघा आणि मगच पाय खाली टाका. आईला मी हे तीनदा सांगितलं, ती म्हणाली अरे मी लक्ष्मी रोड ओलांडलाय चाळीस वर्षं, तेही खरंच म्हणा.

उतरायचं असेल तर स्टॉप रिक्वेस्ट द्या, बोगद्यात सगळी स्टेशनं घेतली जातात पण वर तसं नसतं, कुणी चढणारं-उतरणारं नसेल तर गाडी पुढे निघून जाते.

आणि ड्रायव्हरचं म्हणालो ना, तेही याच नियमात बसतं. बोगद्यात गाडी १९९८ पासून कॉम्प्युटरने चालते, ड्रायव्हर दारं बघतो आणि लक्ष ठेवतो. वर आली की त्याच्या हातात, सिग्नल, सायकलवाले, उलटं पार्किंग करणारे, सगळं त्यानेच सांभाळायचं. आता मजा ऐका, ही कॉम्प्युटर सिस्टिम सव्वापाच इंची फ्लॉपीवरून रोज सकाळी लोड करतात. सिलिकॉन व्हॅली इथून तासाभरावर, आणि इथे फ्लॉपी! २०२४ मध्ये शहराने नवीन सिस्टिमसाठी २१.२ कोटी डॉलरचं कंत्राट हिताचीला दिलंय, पण हे काम काही वर्षांचं आहे, लगेच होणारं नाही.

गाडी कुठली आलीय ते ओळखायचं म्हणजे नंबर वाचायचा. डब्याच्या तोंडावर आणि बाजूला चार आकडी नंबर असतो. २००० च्या घरातला, म्हणजे २००१ पासून पुढचा असेल तर ती सीमेन्सची नवी गाडी, जिला म्युनीवाले एलआरव्ही फोर म्हणतात. ही सॅक्रामेंटोत बनते, इथून दोनेक तासांवर. १७ नोव्हेंबर २०१७ ला पहिली गाडी प्रवासी घेऊन धावली आणि एकूण २४९ डब्यांची ऑर्डर आहे. हल्ली तुम्हाला बहुतेक हीच मिळेल. पहिल्या खेपेतल्या डब्यांत दोन्ही भिंतींना लागून सपाट लांब बाकं होती, उतारावर गाडी ब्रेक मारली की अख्खी रांग घसरत पुढच्याच्या मांडीवर, लोकांनी इतकी बोंब मारली की पुढच्या खेपेत बसायच्या जागा खोलगट केल्या आणि काही सीटा आडव्या टाकल्या. वय झालेल्यांनी आडवी सीट मिळाली तर तीच धरावी.

१४०० किंवा १५०० च्या घरातला नंबर दिसला तर ती ब्रेडा, इटलीतून आलेली. १९९६ च्या शेवटापासून २००३ पर्यंत १५१ आल्या. चेहरा चौकोनी, डबा जड, छत्तीस टनांच्या आसपास, आणि त्या जेव्हा नव्या आल्या तेव्हा रुळाशेजारच्या घरांतले लोक आवाजाने आणि हादऱ्याने हैराण झाले होते. सीमेन्सचे डबे येत गेले तशा या काढत गेले, तेव्हा तुम्ही जाल त्या दिवशी एखादी दिसलीच तर फोटो काढून ठेवा. लांबीला दोघी सारख्याच, ७५ फूट, त्यामुळे लांबून फरक कळत नाही, तोंडच बघावं लागतं.

याच्याही आधीची होती बोइंगची. हो, विमानवाली बोइंगच, खरं म्हणजे तिची हेलिकॉप्टर बनवणारी शाखा, बोइंग व्हर्टॉल. व्हिएतनामची लढाई आटोपत आली तशा हेलिकॉप्टरच्या ऑर्डरी आटल्या, आणि त्याच वेळी सरकारला वाटत होतं की देशभरात ट्रामसाठी एकच स्टॅण्डर्ड डबा असावा, म्हणून बॉस्टन आणि सॅन फ्रान्सिस्को दोघांच्या गळ्यात एकच डिझाइन. कागदावर झकास. पण बॉस्टनला उंच प्लॅटफॉर्म नाहीत, इथे आहेत, त्यामुळे हलणाऱ्या पायऱ्यांचं सगळं लफडं इथल्यासाठी वेगळं घालावं लागलं, आणि डब्याचं तोंड निमुळतं असल्यामुळे पुढचं दार उंच प्लॅटफॉर्मला लागायचंच नाही. दारांनी तर जीव खाल्ला. म्युनी मेट्रोचा बोगदा फेब्रुवारी १९८० मध्ये या गाड्यांनी सुरू झाला आणि २००१ मध्ये शेवटची निवृत्त झाली. आता त्या तुम्हाला रस्त्यावर दिसणार नाहीत, पण आज ज्या पायऱ्या दारात खाली-वर होताना बघता ती कल्पना त्या काळापासून चालत आलीय. बाबांचं मत, हेलिकॉप्टरवाल्याने ट्राम बनवणं म्हणजे सोनाराने विळा करणं.

तुमच्याबरोबर लहान मुलं असतील किंवा माझ्या बाबांसारखं मोठं मूल असेल तर एफ लाइन चुकवू नका. ही लाइट रेलच्या हिशोबात वेगळी, बोगद्यात जात नाही, पूर्णवेळ ट्रामच, कॅस्ट्रोपासून मार्केट स्ट्रीटवरून फेरी बिल्डिंग आणि तिथून किनाऱ्याकिनाऱ्याने फिशरमन्स वार्फपर्यंत. १९९५ ला चालू झाली आणि २००० मध्ये वार्फपर्यंत वाढवली. मूळ मात्र १९८३ चं, तेव्हा केबल कार दुरुस्तीसाठी बंद होत्या आणि टुरिस्ट हिरमुसतील म्हणून जुन्या ट्राम बाहेर काढून जत्रा भरवली, ती लोकांना एवढी आवडली की कायमची झाली. भाडं साध्या म्युनीचंच, वेगळं काही नाही. केबल कार म्हणजे ती दोर पकडून चढ चढणारी, तिचं तिकीट वेगळं आणि खूप महाग, आणि रांग तासाभराची. मी घरी आलेल्या प्रत्येकाला एफ ने नेतो आणि केबल कार लांबून दाखवतो, कंजूस म्हणा हवं तर. केबल कारचं म्युझियम मात्र फुकट आहे, वॉशिंग्टन आणि मेसनच्या कोपऱ्यावर, तिथे ते मोठाले दोर ओढणारी चाकं फिरताना दिसतात, ते अवश्य बघा.

एफ वर नंबर वाचण्याची खरी मजा आहे. १०५० च्या पुढचे डबे फिलाडेल्फियातून जुने विकत घेतलेले, १०७० च्या पुढचे न्यूअर्कमधून. हे पीसीसी म्हणतात त्या जातीचे, गुळगुळीत गोल तोंडाचे, आणि प्रत्येकाला वेगवेगळ्या शहराच्या ट्रामचा जुना रंग दिलाय, शिकागो, बॉस्टन, लॉस एंजेलिस असे. डब्यात कुठल्या शहराचा रंग ते लिहिलेलं असतं, पोरांना हा खेळ लावून द्या, किती शहरं सापडली मोजा, शांत बसतात. १०४० नंबर दिसला तर विशेष, १९५२ मध्ये अमेरिकेत बनलेला हा शेवटचा पीसीसी. १८०० च्या घरातले इटलीच्या मिलान शहराचे, १९२८ चं मॉडेल, आत लाकडी बाकं, आणि याच्या बहिणी मिलानमध्ये अजून धावतायत. कधीमधी उन्हाळ्यात एक बिनछपराची होडीसारखी ट्राम निघते, १९३४ ची, इंग्लंडमधल्या ब्लॅकपूलची. तिची वेळ पक्की नसते, आम्हाला पाच वर्षांत दोनदाच दिसली आणि दोन्ही वेळा आम्ही उलट्या दिशेच्या गाडीत.

लांबून ओळखायची खूण वरची. लाइट रेलच्या डब्यावर घडीचा पॅन्टोग्राफ असतो, आपल्या लोकलसारखा, आणि एफ च्या ट्रामवर मागे तिरका दांडा, टोकाला तारेला चिकटलेला. तोच दांडा दोनदोन असलेली दिसली तर ती ट्राम नाही, ट्रॉलीबस आहे, तिला रबरी चाकं असतात. तीही म्युनीचीच, क्लिपर चालतं, चुकून चढलात तर घाबरू नका, फक्त कुठे चाललीय ते विचारा.

फेरी बिल्डिंगच्या समोर स्टुअर्ट स्ट्रीटवर ट्रामचं एक छोटंसं म्युझियम आहे, फुकट, अर्ध्या तासात होतं. पण गाड्या उभ्या बघायच्या असतील तर बाल्बोआ पार्क. तिथे बार्टचं स्टेशन, जे, के, एम तिघींचं टोक, आणि शेजारी म्युनीचं मोठं यार्ड, रस्त्याच्या पलीकडे जुन्या ट्रामचं. कुंपणाबाहेरून सगळं दिसतं. फुटपाथवरून बघायला कुणी काही म्हणत नाही. दुसरं यार्ड टी लाइनजवळ आहे पण तिथे बघण्यासारखं बाहेरून फारसं नाही.

एका दिवसात काय करायचं विचारलंत तर माझा ठरलेला फेरा सांगतो. बार्टने किंवा कॅलट्रेनने या, सकाळी दहाच्या पुढे, ऑफिसची गर्दी ओसरल्यावर. एम्बार्कडेरोहून आउटबाउंड एन. डुबोसला बाहेर पडते तेव्हा पायऱ्या खाली जाताना बघा. मग सनसेटचा बोगदा, मग कोल व्हॅलीतली टुमदार घरं. नाइन्थ अँड अर्व्हिंगला उतरून गोल्डन गेट पार्क करा, परत एन धरा आणि शेवटपर्यंत, ओशन बीचला, तिथे गाडी गोल वळून परत फिरते आणि समोर पॅसिफिक. जून-जुलैत स्वेटर न्या, मी मस्करी करत नाहीये, आमच्या काकू सुती साडीवर गेल्या होत्या आणि धुक्यात कुडकुडत परत आल्या. परत येताना डुबोस अँड चर्चला उतरून जे धरा आणि ट्वेंटिएथ स्ट्रीटला उतरा, डोलोरेस पार्कच्या वरच्या कडेला, इथे जे रस्ता सोडून झाडांमधून घरांच्या मागून जाते आणि खाली सगळं शहर दिसतं. घरून नेलेले थेपले किंवा पोळी-भाजीचे रोल इथे खायचे. मग जे नेच पुढे बाल्बोआ पार्क, यार्ड बघा, आणि के किंवा एम धरून ट्विन पीक्सच्या बोगद्यातून मार्केटला परत. या बोगद्यात फॉरेस्ट हिल सोडलं की कॅस्ट्रो यायच्या थोडं आधी खिडकीला नाक लावून बसा, १९७२ मध्ये बंद केलेलं युरेका व्हॅली नावाचं जुनं स्टेशन अंधारात सर्रकन मागे जातं, लक्ष नसेल तर दिसत नाही. संध्याकाळी एफ ने वार्फ, सी लायन बघा, आणि घरी.

मधेमधे दोन तास उलटले की परत टॅप करावं लागेल एवढं लक्षात ठेवा, नाहीतर तपासनीस नेमका तेव्हाच चढतो.

रात्री उशीर झाला तर, मध्यरात्रीच्या आसपास भुयारी स्टेशनं बंद होतात. मग एल आणि एन च्या जागी आउल नावाच्या बस धावतात, अक्षर तेच पण खाली गेटपाशी उभं राहून काही उपयोग नाही, वर रस्त्यावर या आणि बसचा थांबा शोधा. आणि बार्टने घरी जायचं असेल तर त्याची शेवटची गाडी आधी बघून ठेवा, कारण ती चुकली तर मला फोन येतो आणि मग मलाच फ्रीमॉन्टहून गाडी काढावी लागते.